रेवस-रेड्डी सागरी मार्ग: ग्रॅव्हल बाइकला (कच्च्या रस्त्यांची सायकल) पुढे एक चेनरिंग (पायडलजवळचं दातेरी चाक) की दोन?

सडेफटिंग: सामान लादून जायचं तर पुढे एकच, ४० दात्यांचं, मागे ११-४२ कॅसेट (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्या, सर्वांत लहान ११ दात्यांची, सर्वांत मोठी ४२ची). इथले चढ फार लांब नाहीत, पण अवचित येतात. खाडीपर्यंत उतार, पूल, वळण, की लगेच थेट सड्यापर्यंत (वरच्या कातळ-पठारापर्यंत) उभा चढ. अशा जागी फक्त उजवा हात (मागचा गियर) चालवावा लागला तर बरं. पायडलवर दाब देत पुढचा गियर लहान चेनरिंगवर पाडला की चेन निसटते आणि फ्रेम खरवडते.

खाडीकाठ: नाही पटलं. तुमचा सर्वांत हलका गियर ४० भागिले ४२ म्हणजे ०.९५ (पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक इतकं फिरतं). शिमानोच्या जीआरएक्स या ग्रॅव्हल संचाचा ४६/३० क्रँक (दोन चेनरिंगचा), मागे ११-३४, तर ३० भागिले ३४ म्हणजे ०.८८. ४० मिमी टायरवर मिनिटाला पायडलचे ६० फेरे धरले तर ताशी साडेसात आणि सात किलोमीटर. ताशी अर्ध्या किलोमीटरच्या फरकाचं काय एवढं, असं वाटेल. पण जांभ्याच्या सुट्या खड्यांवर उभं राहून पायडल मारलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. बसूनच चढायचं, म्हणजे हलका गियर हवाच. आणि चेन निसटते ती उशिरा पाडल्यामुळे. पूल दिसला की पाय हलका करून डावा (पुढचा) गियर पाडा, त्याच वेळी मागे दोन चकत्या जड घ्या. म्हणजे पाय हवेत फिरत नाहीत.

सडेफटिंग: मग ३८ लावा, ०.९० येतं. ३८/११वर ९० फेऱ्यांना ताशी ४१ मिळतात. त्यापुढे पाय थांबवा, वळणापलीकडे गुरं बसलेली असतात.

दातेमोज: दोघांनी कॅसेट मोजून पाहा. शिमानोच्या ११ स्पीडमध्ये (मागे ११ चकत्या) २१पर्यंत दोन्ही सारख्याच: ११-१३-१५-१७-१९-२१. पुढे एकीत २३-२५-२७-३०-३४, दुसरीत २४-२८-३२-३७-४२. म्हणजे 'एका चेनरिंगने सपाटीवर लय तुटते' ही ओरड इथे फुकाची. तुटते ती चढावर: ३२ जड, ३७ फार हलका. खाडीचा चढ तेवढ्यात संपतो, म्हणून चालून जातं. कुंभार्ली किंवा आंबा असा लांब घाट जोडणार असाल तर मात्र खाडीकाठ यांचंच बरोबर.

पाना-पक्कड: कॅसेट तेवढी बदलून निघू नका. जीआरएक्स ८१० डिरेलरची (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा भाग) मर्यादा ३४ दात्यांची चकती, ८१२ची ४२. ८१०वर ४२ चढवलीत तर डिरेलरची वरची पुली दात्यांना घासते. जुनी चेन आखूड पडली तर मोठ्या चेनरिंगसोबत मागची सर्वांत मोठी चकती येताच डिरेलर ताणला जातो, हँगर (डिरेलर ज्यावर बसतो तो तुकडा) मोडतो. स्टँडवर हाताने तो गियर टाकून बघा. आणि ओल्या तेलावर लाल धूळ बसली की तिचा पॉलिश पेपर होतो, चेनची झीज मोजणाऱ्या गेजवर ०.५ दिसलं की चेन बदला, नाहीतर कॅसेटही जाते.

खाडीकाठ: हे मान्य. अजून एक, दोन्ही पक्षांसाठी: दाभोळला फेरीबोटीत चढण्याआधीच हलका गियर टाकून ठेवा. धोपाव्याला उतरलं की समोर चढच, आणि थांबलेल्या सायकलचा गियर बदलत नाही.