मदत हवी आहे: आमदाराने सभागृहात पक्षाबरोबर मत दिलं की विरोधात, हे कुठे बघायचं?

राम राम मंडळी.

मी जळगाव जिल्ह्यातला. तालुका मुद्दाम सांगत नाही, नाहीतर आमदारांचं नाव निघेल आणि धागा तिकडेच वाहून जाईल.

गेल्या आठवड्यात आमच्या मळ्यात भरीत पार्टी होती. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी टाकलेली आणि मंडळी बाजूला बसून राजकारण भाजत होती. काका म्हणाले, "आपला आमदार पक्षाला भीत नाही. कापसाचा विषय निघाला की पक्षाच्या विरोधात मत टाकतो." शेजारच्या मळ्यातले आबा उसळले, "तुना आमदार मुंबईमा हात वर करस का खाले, ते दखाड, मंग बोल." वाढता वाढता पैज लागली. हरेल त्याने पुढची पार्टी द्यायची, चाळीस माणसांची, कळण्याच्या भाकरीसकट. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, त्यामुळे इंटरनेटवर जे काही असेल ते मला सापडतंच असा घरच्यांचा समज. काम माझ्या गळ्यात.

पुण्याचा भाचा म्हणाला, त्यात काय अवघड, अमेरिकेत प्रत्येक सिनेटरचं नोंदलेलं मत नावानिशी मिळतं आणि कोण किती टक्के पक्षासोबत तेही लोक काढून ठेवतात. म्हटलं आपणही काढू. वहीत तीन रकाने आखले: विधेयक, पक्षाची भूमिका, आमदारांचं मत.

दोन रात्री विधानमंडळाच्या संकेतस्थळावर घालवल्या. कामकाजाच्या पीडीएफ सापडल्या, पानावर "असुधारित प्रत" असा शेरा. भाषणं आहेत, मध्येच कोणी ओरडलं तेही आहे. पण विधेयकाच्या शेवटी काय, तर मतास टाकलं, संमत झालं. कोणी टाकलं, कसं टाकलं, पत्ता नाही. खासदारांचं पीआरएस या कायदेमंडळांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या साइटवर बघितलं. हजेरी, प्रश्न, चर्चा यांचे आकडे छान मांडलेत, मतांचा रकाना तिथेही दिसला नाही.

मी चुकीच्या जागी शोधतोय, की ही माहिती मिळतच नाही? आणि पक्षाची "लाईन" नेमकी कुठे लिहिलेली असते? माहितगारांनी सांगा. घरी रोज विचारणा होते.

भुसावळकर

भो, तिसरा रकाना रिकामाच राहणार. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने होतात. बाजूचे "होय" म्हणतात, विरोधातले "नाही" म्हणतात, अध्यक्ष कानावर भरवसा ठेवून सांगतात की होयचं बहुमत. नावं नोंदली जातात ती कोणी मतविभागणी, म्हणजे मोजून मतदान, मागितली आणि ती मिळाली तरच. १२ नोव्हेंबर २०१४ आठवतो का? फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठरावसुद्धा आवाजीनेच झाला. काँग्रेस आणि शिवसेना नंतर मतविभागणीसाठी ओरडत राहिल्या. सरकार राहतं की जातं त्याची नोंद अशी, तर तुमच्या विधेयकाची कोण ठेवतो?

धागाकर्ता

बरं. पण काका खात्रीने कापसाचं मत म्हणतात ते काय?

भुसावळकर

कापसाचा भाव, केळीचा पीकविमा हे सहसा लक्षवेधीत (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) नाहीतर तारांकित प्रश्नात (मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात तो) येतं. आमदार तावातावाने बोलतात, मंत्री उत्तर देतात, विषय संपला. तिथे मतदानच नसतं. काकांनी टीव्हीवर भाषण बघितलं असणार आणि ते मत समजले असणार. यात काकांचा दोष नाही, आमदारही गावात येऊन तसंच सांगतात.

धुळ्याचा वकील

भाच्याला सांगा, अमेरिकेचा हिशेब इथे लागत नाही. तिकडे २८ जुलै २०१७ ला सिनेटर जॉन मॅकेन यांनी भर सभागृहात अंगठा खाली करून स्वतःच्या पक्षाचं आरोग्य विमा विधेयक ४९ विरुद्ध ५१ ने पाडलं. त्यांचं पद गेलं नाही. आपल्याकडे १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आली. पक्षाने व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा आदेश, काढला आणि सदस्याने परवानगीशिवाय विरोधात मत दिलं, किंवा मत द्यायलाच गेला नाही, आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केलं नाही, तर तो अपात्र ठरू शकतो. म्हणजे जिथे मत नावानिशी नोंदलं जातं तिथे बहुधा व्हिप असतो, आणि व्हिप असला की टक्केवारी काढण्यात अर्थ नाही, ती शंभरच येणार.

किहोतो होलोहान खटल्यात १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण सुचवलं होतं की सदस्यत्व जाईल असा व्हिप सरकारच्या विश्वासापुरता आणि पक्षाच्या मूळ धोरणापुरता ठेवावा. पक्षांनी ते फारसं मनावर घेतलेलं नाही.

साक्रीकर

सगळेच व्हिपखाली नसतात हो. २०१९ ला आमच्या साक्रीतून आणि मुक्ताईनगरहून अपक्ष निवडून आले. अपक्षाला पक्षच नाही, तर लाईन कुठली? आणि ३० नोव्हेंबर २०१९ ला ठाकरे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर १६९ बाजूने, विरोधात शून्य, चार तटस्थ. भाजपने सभात्याग केला होता. त्या तटस्थ चारांत एमआयएमचे दोघे होते, म्हणजे धुळे शहराचे तेव्हाचे आमदार त्यात आले. त्यांचं मत आणि त्यांच्या पक्षाची लाईन, दोन्ही त्या एका नोंदीत मिळतात.

जुना वार्ताहर, जळगाव

फुटलेलं मत बघायचं असेल तर मुंबईला कशाला जाता? १८ मार्च २०२१, आपली महापालिका. ७५ पैकी भाजपचे ५७ निवडून आलेले, महापौर शिवसेनेचा झाला. ४५ विरुद्ध ३०. भाजपचे २७ पलीकडे गेले, शिवसेनेचे १५ आणि एमआयएमचे ३ मिळवा, बरोबर ४५ होतात. कोरोनामुळे सभा ऑनलाइन होती. गुप्त काही नव्हतं, कोण कुठे ते सगळ्या शहराने पाहिलं.

विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदार गुप्त मतदान करतात, तिथे मतं फुटली हे कळतं, कोणाची ते फक्त चहाच्या टपरीला कळतं. राज्यसभेच्या निवडणुकीचं वेगळं. मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते.

धुळ्याचा वकील

आणि राज्यसभेच्या निवडणुकीत पक्षाविरुद्ध मत दिलं तरी तेवढ्यावरून दहावी अनुसूची लागत नाही, २००६ च्या कुलदीप नय्यर निकालात ते आलंय. तुमच्या वहीत एखादा खरा फरक सापडला तर तो तिथे सापडेल.

धागाकर्ता

आता नवीनच घोळ. तुम्ही सांगितलं म्हणून नावानिशी मतदान शोधलं. ३ जुलै २०२२ ला अध्यक्षांची निवड शिरगणतीने झाली, एकेक आमदार उभा राहून आकडा सांगतोय. १६४ विरुद्ध १०७. दुसऱ्या दिवशी शिंदे सरकारचा विश्वासदर्शक ठराव, १६४ विरुद्ध ९९. म्हटलं चला, मिळाला तिसरा रकाना. तर दुसराच रकाना अडला! शिवसेनेचे व्हिप दोन, एक ठाकरे गटाच्या सुनील प्रभूंचा, एक शिंदे गटाच्या भरत गोगावलेंचा. आपल्या जिल्ह्यातले सेनेचे चार आमदार शिंद्यांकडे. मग ते पक्षासोबत धरायचे की विरोधात?

धुळ्याचा वकील

कोणत्या तारखेला विचारता त्यावर आहे. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं की व्हिप काढणारा प्रतोद राजकीय पक्षाने नेमायचा, विधिमंडळ गटाने नाही, आणि अध्यक्षांनी गोगावलेंना प्रतोद म्हणून दिलेली मान्यता बेकायदा. मग १० जानेवारी २०२४ ला अध्यक्षांनी शिंदे गट हीच खरी शिवसेना धरली, गोगावलेंचा व्हिप चालवला आणि कोणालाच अपात्र केलं नाही. तुम्ही त्या रकान्यात पेन्सिलीने लिहा.

जुना वार्ताहर, जळगाव

लाईन कुठे लिहिलेली असते, याचं उत्तर राहिलंच. व्हिपचा कागद सदस्यांना जातो, तुम्हाआम्हाला सहसा बघायला मिळत नाही. आम्ही गटनेत्याचं भाषण धरायचो. गटनेता काय बोलला आणि आपला माणूस काय बोलला, ही दोन पानं शेजारी ठेवा. फरक असला तर तिथेच दिसेल. आणि मतदानाच्या दिवशी कोण सभागृहात नव्हतं ते बघा. आमच्या धंद्यात अर्धी बातमी रिकाम्या बाकावर असायची.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. काल दोघांसमोर वही ठेवली. "आमदारांचं मत" खोडून "काय विचारलं, काय बोलले, होते की नव्हते" असं लिहिलंय. आबा म्हणाले, नोंद नाही म्हणजे मी जिंकलो. काका म्हणाले, नोंद नाही म्हणजे मी हरलोही नाही. शेवटी वांगी आबांची आणि तेल-मिरची काकांची असं ठरलं. माझ्या दोन रात्रींचं कोणीच काही बोललं नाही.

एक राहिलं. पीडीएफमध्ये आमदारांचं नाव टाकून शोधलं तर काहीच येत नाही. काही युक्ती?

भुसावळकर

पूर्ण कामकाजात शिरू नका. आधी तारांकित प्रश्नांच्या याद्या उघडा, त्यात विचारणाऱ्यांची नावं असतात. तारीख मिळाली की त्याच दिवसाचं कामकाज काढा. आणि पार्टी कधी आहे ते इथेच टाका.