कॉल चालतील की नाही हे फोनच्या मॉडेलवरून ठरावं का? नेटवर्क कंपन्यांनी बाहेरून आणलेल्या फोनांना सेटिंग द्यावं का?

सड्याखाली (धागा सुरू करणारा)

आमचं घर दापोली तालुक्यात, सड्याच्या उतारावर. आण्णा ७३ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. दोन वर्षांपासून त्यांना पडद्याचा उजेड सोसत नाही. साध्या मोबाइलकडे पाच मिनिटं पाहिलं की कपाळ धरून बसतात. मोठा भाऊ बोटीवर असतो. गेल्या खेपेला त्यानं चीनमधून ई-इंक पडद्याचा फोन आणला. त्याचा पडदा छापील कागदासारखा दिसतो आणि उन्हातही वाचता येतो. मागचा दिवा पूर्ण बंद करता येतो. आण्णांनी ओटीवर बसून त्यावर पाऊण तास पेपर वाचला. आई दोनदा चहा गरम करून घेऊन गेली, त्यांचं लक्षच नव्हतं.

त्या फोनवर कॉल मात्र लागत नाही. वर फोरजी दिसतं, व्हॉट्सअ‍ॅप चालतं, पण नंबर फिरवला की 'नेटवर्क उपलब्ध नाही'. *#*#४६३६#*#* दाबून आतली माहिती उघडली, तर आयएमएसच्या पुढे 'नोंदणी नाही' असं लिहिलेलं. फोरजीवरून आवाज जातो तो व्होल्टीनं, आणि त्यासाठी फोननं कंपनीच्या आयएमएस यंत्रणेत आधी नाव नोंदवावं लागतं. नोंदणी झाली नाही तर फोन कॉलपुरता टूजीवर उतरतो. सड्यावर टूजी मिळतं, खाली घरात मिळत नाही. म्हणजे आण्णांनी मला फोन करायचा तर दहा मिनिटं चढून वर जायचं. जुलैच्या पावसात त्यांना ते कसं जमायचं?

कंपनीच्या तालुक्याच्या दुकानात गेलो. मुलीनं यादी पाहिली आणि 'हे मॉडेल नाही' म्हणाली. तक्रार तीनदा नोंदवली, तिन्ही वेळा 'हँडसेट सपोर्टेड नाही' असा शेरा मारून बंद केली.

फोनच्या खोक्यावर ३, ५, ८ आणि ४० हे बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, आहेत, आपल्याकडच्या फोरजीचे नेहमीचे. इथे विकल्या जाणाऱ्या कितीतरी फोनांत असते तशीच क्वालकॉमची चिप आहे. रेडिओ तोच, टॉवर तोच, सिम आमच्या नावाचं आणि रिचार्जही वेळेवर. अडलंय ते त्या कंपनीच्या सेटिंगावर. माझं म्हणणं असं की कंपन्यांनी व्होल्टीचं हे सेटिंग जाहीर करावं आणि जो फोन ते नीट पाळतो त्याची नोंदणी करून घ्यावी, मॉडेलचं नाव यादीत असो वा नसो. फोरजीवरून आवाज कसा न्यायचा याचा जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा आयआर-९२ हा सामायिक आराखडा २०१० पासून आहे. तो कुठल्या एका फोनसाठी लिहिलेला नाही.

दुकान_चिपळूण

दादा, आण्णांचं वाचून वाईट वाटलं, पण मी तुमच्या विरुद्ध बाजूचा. वीस वर्षं फोन उघडतोय.

सेटिंग 'जाहीर' करून काम भागत नाही. क्वालकॉमच्या मोडेममध्ये, म्हणजे नेटवर्कशी बोलणाऱ्या भागात, प्रत्येक नेटवर्कच्या सेटिंगांची एक एमबीएन फाइल असते. ती फोन कंपनी आपल्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे फोनमधल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये घालते, डिजिटल सही करून. नेटवर्क कंपनीनं उद्या सगळे आकडे वर्तमानपत्रात छापले तरी तुमच्या फोनचा मोडेम ते वाचणार नाही. चीनच्या बाजारासाठी काढलेल्या फोनमध्ये भारताची फाइल घालायचं त्या कंपनीला काय पडलंय?

आखाती फोनांचं बघा. दुबईहून आलेल्या सॅमसंगमध्ये सीएससी, म्हणजे देशाप्रमाणे घातलेला सेटिंगांचा कोड, तिकडचा असतो, त्यावर आत काय चालू, काय बंद हे ठरतं. ईदला, गणपतीला खेड, मंडणगडची माणसं असे फोन घेऊन माझ्या काउंटरवर उभी असतात. काहींचं काम होतं, काहींचं होत नाही. जबरदस्तीनं फाइल घालून दिलेले दोन फोन पुढच्या अपडेटला पुन्हा मुके झाले, आणि शिव्या मी खाल्ल्या. तक्रार करायची तर फोन बनवणाऱ्याकडे करा.

सड्याखाली

मोडेमची गोष्ट मान्य. पण सगळंच फोन कंपनीच्या हातात नाही. अँड्रॉइड ६ पासून अशी सोय आहे की सिमवर नेटवर्क कंपनीच्या प्रमाणपत्राची खूण असेल, तर त्याच सहीचं त्यांचं अ‍ॅप फोनमधली व्होल्टीची सेटिंगं बदलू शकतं. ज्या फोनांत मोडेम तयार आहे आणि नुसता वरचा दरवाजा बंद आहे, ते एवढ्यानं सुरू होतील. कुठला फोन कुठे अडतो हे कंपनीलाच कळतं. आम्हाला 'सपोर्टेड नाही' यापलीकडे काही सांगितलं जात नाही.

आणि हे कधी झालंच नाही असंही नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ निव्वळ फोरजीवर सुरू झालं, तेव्हा लोकांच्या हातातल्या कितीतरी फोरजी फोनांत व्होल्टी नव्हतं. त्यांनी कॉलसाठी वेगळं अ‍ॅप दिलं आणि ते फोन बोलू लागले. तेव्हा ग्राहक जोडायचे होते, म्हणून वाट निघाली.

रेंजवाला_रत्नागिरी

टॉवरच्या देखभालीत १४ वर्षं काढली आहेत, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही. तुम्ही सगळे साध्या कॉलबद्दल बोलताय. मला काळजी आहे ११२ ची.

ऑस्ट्रेलियात २०२४ च्या ऑक्टोबरअखेर थ्रीजी बंद झालं. त्यांच्या लक्षात आलं की काही फोन रोजचे कॉल व्होल्टीवरून व्यवस्थित लावतात, पण तिथला आणीबाणीचा ००० नंबर लावताना जुन्या नेटवर्ककडे धावतात, आणि ते नेटवर्क आता नाही. म्हणजे वर्षभर फोन ठीक वाटतो आणि नेमका घरात कुणी कोसळल्यावर दगा देतो. म्हणून सरकारनं कंपन्यांना असे फोन नेटवर्कवर घेऊच नका असं बंधन घातलं. त्यात बाहेरून आणलेले बरेच होते.

आज तुमच्या आण्णांच्या फोनला व्होल्टी येत नाही हे त्याला 'माहीत' आहे. त्यामुळे ११२ लावला तर तो ज्या कंपनीचं टूजी सापडेल तिकडे जाईल. उद्या अर्धवट सेटिंग घातलंत तर तो फोरजीवर प्रयत्न करत राहील, आणि तिथे आणीबाणीचा कॉल कसा जातो हे कुणी तपासलेलंच नसेल. फोन मुका असणं परवडलं. वेळेवर धोका देणारा फोन नको.

सड्याखाली

या धाग्यातला सगळ्यात जड मुद्दा तुम्ही मांडलात. रात्री झोपताना तोच डोक्यात होता.

फक्त एक सांगा, ते टूजी आमच्या घरात कुठे आहे? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या वाडीत कित्येक दिवस कसलीच रेंज नव्हती. पोफळी आडव्या, रस्ता बंद, शेजारच्या म्हातारीला डोलीतून खाली नेली. त्यानंतर घरात पोचतं ते फोरजीच. आणीबाणीचा कॉल तपासायला हवा हे शंभर टक्के खरं, मग तो तपासण्याची सोय करा. मी फोन घेऊन येतो, तुमचा इंजिनिअर चाचणी घेऊ दे, त्याचे पैसेही देतो. आज माझ्यासारख्याला तपासून घ्यायला जागाच नाही.

माडाखाली

दादा, मला दोन्ही बाजू पटतात, तरी एक साधी गोष्ट विचारते. आण्णांना व्होल्टीवाला एक बटणांचा फोन घेऊन द्या, सिम त्यात घाला. ई-इंकवाला वायफायवर ठेवा, नुसता वाचायला. माझ्या सासऱ्यांचं असंच चाललंय. एवढी लढाई कशाला?

सड्याखाली

ताई, तेच केलं होतं, चार महिने. अडचण पैशांच्या व्यवहाराची. यूपीआयचं अ‍ॅप चालू करताना ज्या फोनमध्ये ते आहे त्याच फोनमधल्या सिमवरून मेसेज जावा लागतो. आण्णांचं पेन्शन, विजेचं बिल, गॅस सगळं त्यावर. सिम बटणांच्या फोनात असेल तर अ‍ॅप साध्या स्मार्टफोनवर लागतं, आणि तिथे पुन्हा तोच उजेड. त्यांना दुसऱ्याच्या हातून पैसे भरायला आवडत नाही. आयुष्यभर शाळेचा हिशेब स्वतः लिहिलेला माणूस आहे.

देवगडचो

आमच्या हयसर ह्या भांडणाक अर्थच नाय. पावसात लाईट गेली की टॉवरची बॅटरी बसता, मगे इंडियातलो काय नि चायनातलो काय, सगळे फोन सारखेच. जेटीवरसून होडी सुटली की थोड्या वेळान रेंज खलास. आधी टॉवरांका जनरेटर देवा, डिझेल येळेर पोचवा. कंपनीचो माणूस हजार लोकांसाठी टॉवरार चढलो तर माका बरा दिसात, एका फोनाची फाइल करीत बसलो तर नाय.

रेंजवाला_रत्नागिरी

देवगडकर, बॅटरीचं तुमचं खरं आहे, आणि ते काम आमचंच. पण टॉवरवर चढणारा आणि आयएमएस बघणारा हे वेगवेगळे. एकानं काम थांबवलं म्हणून दुसऱ्याचं होत नाही.

बोटीवरचा

मी सध्या बंदरात आहे, म्हणून सविस्तर लिहितो. श्रीवर्धनपासून राजापूरपर्यंत गावागावांत बोटीवर किंवा आखातात गेलेलं माणूस सापडतं. फोन तिकडून येणं ही आपल्याकडे चैन नव्हे. आई-वडिलांना द्यायला माणूस तेच आणतो.

यादी ठेवणारी कंपनी काय करू शकते ते अमेरिकेत दिसलं. तिथल्या एटी अँड टी कंपनीनं फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं आणि चालणाऱ्या मॉडेलांची यादी काढली. यादीत नसलेले काही परदेशी फोन तांत्रिकदृष्ट्या चालण्याजोगे असूनही बाहेर राहिले. यादी सुरक्षेसाठी असते हे मान्य. पण तीत नाव घालायला कुणी अर्ज करायचा? फोन कंपनीनं. आणि ती कंपनी त्या देशात फोन विकतच नसेल तर ती कशाला करेल? माणूस दोन बंद दारांच्या मध्ये उभा राहतो.

आपल्याकडेच २०२२ मध्ये बघा. १ ऑक्टोबरला फाइवजीचं उद्घाटन झालं आणि आयफोनवर ते चालेना. सरकारनं फोन कंपन्या आणि नेटवर्क कंपन्यांना एकत्र बसवलं, आणि डिसेंबरात आयओएस १६.२ सोबत सुरू झालं. मोठ्या फोनसाठी बैठक होते. आण्णांच्या फोनसाठी बैठक नको, पण अर्ज घ्यायला एक खिडकी तरी हवी.

दुकान_चिपळूण

आयफोनचं उदाहरण माझ्या बाजूनं जातं. अ‍ॅपलएवढ्या कंपनीलाही अडीच महिने चाचणी करावी लागली. मग तीनशे जणांनी घेतलेल्या फोनसाठी ती कोण करणार, आणि त्याचा खर्च कुणाच्या रिचार्जातून निघणार? माझं गिऱ्हाईक रिक्षावाला आहे, मच्छीवाली आहे. त्यांनी तो का भरावा?

आणखी एक. विक्रीसाठी आयात होणाऱ्या प्रत्येक फोनचा आयएमईआय, म्हणजे ओळखक्रमांक, १ जानेवारी २०२३ पासून सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो. कुणी 'घरच्यासाठी आणला' म्हणत पिशवीतून दहा फोन आणून विकायला लागला, तर उघडी यादी त्याच्याच सोयीची. चोरीचे आणि नकली आयएमईआयचे फोन माझ्याकडे येतात, मला माहीत आहे काय चालतं ते.

बोटीवरचा

चोरीचा फोन सीईआयआर या सरकारी नोंदवहीतून आयएमईआयवर बंद होतो, व्होल्टीची नोंदणी नाकारून नाही. दोन कुलपं एकाच किल्लीची समजू नका. बाकी दहा फोन आणणाऱ्याला कस्टमनं धरावं, मी त्याची बाजू घेणार नाही.

रेंजवाला_रत्नागिरी

सड्याखाली, तुम्ही चाचणीचे पैसे द्यायला तयार आहात हे वाचून मी थोडा सरकलो, खोटं कशाला बोलू. मालकानं स्वतः फोन आणावा, आणीबाणीच्या कॉलसकट चाचणी व्हावी, आणि पास झाला तर तेवढ्याच फर्मवेअरला परवानगी मिळावी. हे कंपनीनं करावं असं मीही म्हणेन. पण 'सेटिंग जाहीर करा आणि जो येईल त्याला घ्या' याला माझा विरोध कायम. 'धोका आमचा' असं हमीपत्र लिहून देतो असंही कुणी म्हणू नये. वेळ येते तेव्हा तो फोन शेजाऱ्याच्या पोराच्या हातात असतो, आणि त्यानं कसलीच सही केलेली नसते.

सड्याखाली

शेजाऱ्याच्या पोराचं तुमचं म्हणणं खरं आहे. हमीपत्राची मागणी मी अर्जात लिहिली होती, ती काढतो. सेटिंग जाहीर करण्याची मागणी ठेवतो, कारण ते कागदावर असल्याशिवाय चाचणी कशाच्या आधारावर झाली हे आम्हाला कधीच कळणार नाही.

तक्रार आता कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे टाकली आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमाप्रमाणे त्याला पैसे पडत नाहीत आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. काय उत्तर येतं ते इथेच लिहीन.

दुकान_चिपळूण

तोवर फोन घेऊन या एकदा. मोडेममध्ये भारताची फाइल मुळात आहे का, एवढं तरी बघून सांगतो. तिन्ही कंपन्यांची सिमं आहेत दुकानात. बीएसएनएलचं नवं फोरजीही लावून बघू, पण त्यांचा ७०० मेगाहर्ट्झचा बँड म्हणजे २८ नंबर, तो तुम्ही लिहिलेल्या यादीत दिसत नाही. २१०० वाला बँड १ असेल तर चालेल. पैसे नकोत. फाइल घालून मात्र देणार नाही, ते आधीच सांगतो.

सड्याखाली

गुरुवारी सकाळच्या एसटीनं येतो. आण्णाही यायचं म्हणतायत, त्यांना तो आयएमएसचा शेरा स्वतः वाचायचाय.