अनुभव धागा: कामाची नसलेली माहिती डोक्यात शिरली कशी?

हैदराबादनाका
काल रात्री अडीचला नळाला पाणी आलं. मोटर लावून पायरीवर बसलो होतो. समोरचं पोरगं भरतीची तयारी करतंय, मोठ्यानं पाठ चाललेलं, "प्लूटोचा शोध 1930, ग्रहांच्या यादीतून बाहेर 2006." एकदम वडील आठवले. मिलमध्ये साच्यावर होते, शिक्षण सातवी. रात्री जेवायला बसलो की प्रश्न टाकायचे, आणि उत्तर आल्याशिवाय शेंगाचटणीची वाटी पुढं सरकायची नाही. "सूर्याचा उजेड इथं यायला किती वेळ?" आठ मिनिटं वीस सेकंद. मग वाटी. त्यांची माहिती सगळी वाचनालयातल्या पेपरातली नाहीतर पुडीच्या कागदावरची. या ज्ञानाचा मला आजवर एक रुपयाचा उपयोग झालेला नाही, पण विसरतही नाही. तुमच्या डोक्यात असं काय अडकलंय, कुणामुळं? येऊ द्या.

कडकभाकरी
अडीचला तरी आलं तुमच्याकडं! आमचा आज पाचवा दिवस. कुठला भाग तुमचा? कुकर लावलाय, नंतर लिहिते.

पेटीवाला_नातू
आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. आकाशवाणीचा विषय निघाला की कपाळाला आठ्या. 1940 पासून तीसेक वर्षं आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, हे मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ. का बंदी, ते त्यांनी पेटीवरच दाखवलं. मला म्हणाले, सा पासून रे पर्यंत आवाज न तोडता घसरत ये. मी आलो. मग माझं बोट धरून सा ची पट्टी दाबली, मग रे ची. "मधलं कुठाय? गळ्यात आहे, हिच्यात नाही. एवढ्यासाठी हाकललं हिला." आणि पुन्हा भाता हलवत स्वतःच, "पण हिच्याशिवाय भजन रंगवून दाखवा म्हणावं." भात्याला चिरा पडलेल्या, त्यावर जुन्या रेक्झिनचे तुकडे चिकटवलेले. अजून आहे घरात. वाजवत कुणी नाही.

सातरस्ता_सत्त्या
स्कायलॅब, अमेरिकेचं अवकाशस्थानक! कुणीच कसं काढलं नाही बे? 1979. आमच्या बार्शीच्या आजीनं ऐकलं की आकाशातून अमेरिकेचं काहीतरी पडणार. तिनं सणासाठी राखलेलं तूप काढलं, पुरणपोळ्या केल्या. मरायचंच तर खाऊन मरू. 77 टनांचं धूड 11 जुलैला पडलं हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात. तिथल्या एस्परन्स गावच्या लोकांनी कचरा टाकला म्हणून नासाला 400 डॉलरचा दंड ठोकला, हे खरं आहे. आजीला सांगितलं तर म्हणाली, माझ्या तुपाचे पण लावायचे होते.

जोडभावी
आजी नंबर एक 😂

टपालखात्यातून_निवृत्त
पिनकोड. 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला आणि त्यामागचं डोकं श्रीराम भिकाजी वेलणकरांचं. मराठी माणूस, संस्कृतात नाटकं लिहिणारा. खात्यात नवीन लागलो तेव्हा हेडक्लार्कनी पहिल्या दिवशी हे सांगितलं आणि मग कामाला बसवलं. एकाच नावाची गावं किती, पत्रं किती फिरायची, ते आम्हालाच माहीत. पहिला आकडा 4 म्हणजे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, गोवा. 9 सैन्याच्या टपालाचा. नातवंडांना 413001 सोडून एक पाठ नाही. कुरियरवाला फोन करतो ना.

नान्नजची_लेक
मुलाखतीत विचारलेलं, सोलापूर कशासाठी प्रसिद्ध? माझ्या आधीच्या सगळ्यांनी चादर सांगितली असणार. मी म्हटलं, मार्शल लॉ. मे 1930. आणि चार हुतात्मे: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी. साहेब म्हणाले, आणि चादर? निवड झाली नाही, तो भाग वेगळा. पण ही नावं मला पुस्तकातून नाही, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत बाबांच्या खांद्यावर बसून हुतात्म्यांच्या चौकातून जाताना पाठ झाली.

हैदराबादनाका
@नान्नजची_लेक म्हणजे प्लूटो सापडला त्याच वर्षी आपल्याकडं मार्शल लॉ. आता दोन्ही सनावळ्या एकत्र लक्षात राहतील.

जोडभावी
माळढोक पक्षी दिसला का ओ कधी तुमच्या नान्नजला? आम्ही दोनदा येऊन नुसती काळविटं बघून गेलो.

नान्नजची_लेक
लहानपणी दिसायचे. आता नशिबाचं काम. हुरड्याला या, तो नक्की दिसेल.

कडकभाकरी
आले. माझं शून्य सावलीचं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडं सूर्य बरोबर डोक्यावर येतो. गच्चीवर कुरड्या घालत होतो, भावानं लोणच्याची रिकामी बरणी उन्हात ठेवली. बारा वाजून वीस मिनिटं झाली असतील. सावली बारीक होत होत बरणीच्या बुडाखाली गेली. आई ओरडतेय पाय भाजतील, आणि आम्ही चवड्यांवर नाचत बघतोय. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परत येते ही वेळ, पण तेव्हा ढग. दिल्लीला आयुष्यात कधी दिसायची नाही, ती कर्कवृत्ताच्या वर. जाऊबाई दिल्लीच्या आहेत, त्यांना हे मी वर्षातून एकदा सांगतेच.

सातरस्ता_सत्त्या
🙏 जाऊबाईंना उन्हाळ्यात बोलवा एकदा.

जोडभावी
माझ्याकडं फक्त "आपल्या जिल्ह्याचे कोण" एवढंच ज्ञान. एम. एफ. हुसेन जन्मानं पंढरपूरचे. डॉ. कोटणीस सोलापूरचे, 1938 ला चीनला गेले, 1942 ला तिथंच वारले. सिनेमातल्या शशिकला पण सोलापूरच्याच.

पेटीवाला_नातू
कोण, त्या खलनायिका शशिकला? सोलापूरच्या??

जोडभावी
जन्म इथलाच, 1932.

पेटीवाला_नातू
आईला सांगायला पाहिजे. टीव्हीवर त्या दिसल्या की आजपण शिव्या घालती.