एमआर व्हेनोग्राममध्ये डावा ट्रान्सव्हर्स सायनस तुटक: जन्मतः बारीक की गुठळी?

प्रश्न: कॉन्ट्रास्टशिवाय केलेल्या टाइम-ऑफ-फ्लाइट (वाहत्या रक्ताच्याच सिग्नलवरून शिरा दाखवणाऱ्या) एमआर व्हेनोग्राममध्ये उजवा ट्रान्सव्हर्स सायनस (मेंदूचं रक्त बाहेर नेणारा, कवटीच्या मागचा आडवा शिरामार्ग) ठळक आहे, डाव्याचा मधला भाग दिसतच नाही. मेंदूत सूज नाही, रक्तस्रावही नाही. ‘हायपोप्लासिया’ (जन्मतः बारीक) लिहिण्याआधी काय काय तपासायचं?

उत्तर 1: आधी हाड बघा. सायनस मुळातच बारीक असेल तर कवटीच्या आतल्या बाजूची त्याची खाचही उथळ असते, आणि बहुधा त्या बाजूचं जुग्युलर फोरामेनही (मानेच्या शिरेकडे रक्त जाण्याचं कवटीतलं छिद्र) लहान. सीटीच्या बोन विंडोत दोन्ही बाजू शेजारी ठेवून तुलना करा. खाच रुंद आणि आत प्रवाह नाही, तर गुठळीचा संशय धरा. उजवा मोठा असणं हे नेहमीचंच: वरच्या सॅजिटल सायनसचं (डोक्याच्या मध्यरेषेवरचा शिरामार्ग) रक्त बहुतेकदा उजवीकडे वळतं, स्ट्रेट सायनसचं (मेंदूच्या आतल्या भागाचं रक्त आणणारा) डावीकडे.

उत्तर 2: एक दुरुस्ती. फोरामेन नॉर्मल आहे म्हणजे गुठळीच, असं नाही. ट्रान्सव्हर्स बारीक असूनही लॅबे शिरेच्या (टेम्पोरल लोबवरून येणारी शीर) आणि पेट्रोसल सायनसच्या (कानाच्या हाडाजवळचा शिरामार्ग) रक्तावर सिग्मॉइड (ट्रान्सव्हर्सचा पुढचा, फोरामेनकडे जाणारा भाग) चांगला भरलेला असू शकतो.

शिवाय टाइम-ऑफ-फ्लाइटच फसवतं. कोरोनल काप घेतले तर ट्रान्सव्हर्समधलं रक्त कापाच्या प्रतलातच आडवं वाहतं. त्याला वारंवार रेडिओ पल्स बसतात आणि सिग्नल मरतो. प्रवाह मंद असला की जास्तच. एमआयपी (सगळे काप एकत्र करून बनवलेलं चित्र) बाजूला ठेवून मूळ काप पाहा, काप तिरके करून पुन्हा घ्या. फेज कॉन्ट्रास्ट (रक्ताच्या वेगावर आधारित एमआर पद्धत) करत असाल तर व्हेंक (मोजायच्या वेगाची ठरवलेली कमाल मर्यादा) सेकंदाला 15–20 सेंमीच्या आसपास ठेवा. धमन्यांसाठीचा व्हेंक तसाच राहिला तर मंद प्रवाह दिसत नाही.

उलट चूक जास्त धोक्याची. काही दिवस जुन्या गुठळीतलं मेटहिमोग्लोबिन (हिमोग्लोबिनचं बदललेलं रूप) टी1 वर (टी1, टी2 हे एमआर चित्रांचे प्रकार) पांढरं असतं, ते टाइम-ऑफ-फ्लाइटमध्ये चालू प्रवाहासारखं चमकतं. ताजी गुठळी टी2 वर काळी, म्हणजे फ्लो व्हॉइडची (वाहत्या रक्ताची काळी जागा) नक्कल. त्यामुळे एसडब्ल्यूआय (गुठळीतल्या रक्ताला संवेदनशील एमआर सीक्वेन्स) जोडा, आणि तरीही शंका राहिली तर कॉन्ट्रास्ट व्हेनोग्राफी, सीटी किंवा एमआर.

प्रश्नकर्ता: कॉन्ट्रास्टमध्ये डाव्या सायनसच्या बाहेरच्या टोकाला गोल, न भरलेला ठिपका दिसला तर?

उत्तर 2: काही मिलिमीटरचा, कडा स्वच्छ, सर्व सीक्वेन्सवर सीएसएफसारखा (मेंदूभोवतीच्या द्रवासारखा), जवळ एखादी शीर आत शिरतेय: अ‍ॅरॅक्नॉइड ग्रॅन्युलेशन (मेंदूच्या आवरणाचा सायनसमध्ये शिरलेला निरुपद्रवी उंचवटा). गुठळी सायनसच्या लांबीभर पसरते, शेजारच्या शिरांतही घुसते.

उत्तर 3: रिपोर्टमध्ये कोणती बाजू प्रबळ ते जरूर लिहा. सर्जनला तेच हवं असतं. प्रबळ सायनस किंवा मोठी लॅबे शीर बंद झाली तर टेम्पोरल लोबमध्ये व्हीनस इन्फार्क्ट (रक्त बाहेर न जाऊ शकल्याने मेंदूच्या भागाला होणारी इजा) होऊ शकतो.