मदत हवी आहे: गाडीत दुसरी बॅटरी, कमी खर्चात. रिले कसा जोडू?

धुळवाट:
मंडळी, गाडीत दुसरी बॅटरी बसवायची आहे. मागे कॉम्प्रेसरचा फ्रिज आहे. मुक्कामी असलो की पहाटे तो बंद पडतो आणि लाल दिवा लुकलुकत राहतो. सकाळी सेल्फ लागेल की नाही या धास्तीने झोप लागत नाही. महागडे चार्जर नकोत, स्क्रीनची पॅनेलं नकोत. एक रिले (इंजिन चालू असतानाच दोन्ही बॅटऱ्या जोडणारा विजेवरचा स्विच) आणि दोन वायरी एवढ्यात भागवायचं आहे. रिले आणलाय, त्याला चार पिना आहेत. कुठली पिन कुठे जाते आणि वायर किती जाड घ्यायची, एवढंच सांगा. शनिवारी निघायचंय.

गिअरगप्पा:
गाडी कुठली? अल्टरनेटर किती अँपिअरचा? दुसरी बॅटरी बॉनेटखाली की मागे? हे कळल्याशिवाय वायरची जाडी सांगता येणार नाही.

खडकवाट:
सरळ लिथियम घ्या. १०० अँपिअर-अवरच्या लिथियममधून ८०-९० बिनधास्त वापरता येतात. लेड-ॲसिड निम्म्याखाली नेली की तिचं आयुष्य घटतं. वजनही निम्म्याहून कमी.

धुळवाट:
लिथियम नको, कमी खर्च असं वर लिहिलंय. गाडी डिफेंडर ११०, ३०० टीडीआय. अल्टरनेटरवर ६५ ए लिहिलंय. बॅटरी सीटखाली आहे आणि शेजारी दुसरी मावते, मोजून पाहिलंय. घरात एक जुनी बॅटरी पडून आहे, तीच लावणार. आता पिना सांगा.

पानापेटी:
८५ आणि ८६ ही रिले ओढणारी कॉइल, ३० आणि ८७ हे मोठा करंट जोडणारे कॉन्टॅक्ट. ८६ ला इग्निशनची वायर, ८५ बॉडीला, ३० पहिल्या बॅटरीच्या प्लसला, ८७ दुसरीच्या प्लसला. झालं. माझ्या जुन्या गाडीत वर्षानुवर्षं असंच चाललंय.

तारतम्य:
पानापेटी, थांबा. हा सल्ला असाच घेऊन कोणी जोडलं तर वायर जळेल. इग्निशनवर रिले ओढला की सेल्फ मारतानाही दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्या राहतात. डिझेल इंजिनचा सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो, त्यातला वाटा दुसरी बॅटरी त्या पातळ वायरीतून द्यायला लागते. फ्युज असेल तर उडतो, नसेल तर काय होतं ते सांगायला नको. शिवाय चार पिनांचा रिले ३०-४० अँपिअरचा. रात्रभर रिकामी झालेली बॅटरी सकाळी जोडली की सुरुवातीला त्याहून जास्त करंट जाऊ शकतो. कॉन्टॅक्ट चिकटले की दोन्ही बॅटऱ्या कायमच्या एक. मग पुढच्या मुक्कामी फ्रिज दोन्ही रिकाम्या करेल.

पानापेटी:
माझे कॉन्टॅक्ट अजून चिकटलेले नाहीत. रिले नको तर मोठा सोलेनॉइड लावा, म्हणजे जास्त करंटचा दणकट रिलेच.

तारतम्य:
सोलेनॉइड चालेल, पण सतत चालू राहण्यासाठी बनवलेला. सेल्फचा सोलेनॉइड काही सेकंदांसाठी असतो, तासभर ओढून धरला तर त्याची कॉइल भाजते. दिसायला दोन्ही सारखे, म्हणून बघून घ्यावं.

घाटमाथा:
चार्जिंगच्या दिव्याच्या वायरवर सोलेनॉइड चालवला तर? म्हणजे इंजिन सुरू झाल्यावरच जुळेल.

तारतम्य:
कल्पना बरोबर आहे, पण कॉइल साधारण एक अँपिअर खाते. ती वायर अल्टरनेटरला जागं करण्यापुरती असते, तिच्यावर एवढा भार टाकू नये. मध्ये एक छोटा रिले घालावा लागतो. त्यापेक्षा व्होल्टेज बघून आपोआप जोडणारा रिले घ्या, व्हीएसआर म्हणतात तो. बहुतेक व्हीएसआर १३.३ व्होल्टच्या आसपास जोडतात आणि १२.८ च्या आसपास तोडतात. म्हणजे इंजिन सुरू होऊन पहिली बॅटरी थोडी भरली की दुसरी जुळते, आणि बंद केल्यावर थोड्या वेळात सुटते. इग्निशनची वायर शोधत बसायला नको. तीनच टोकं: दोन प्लस आणि एक बॉडी.

निवांतकाका:
अहो, एवढं कशाला? हाताने फिरवायचा बॅटरीचा स्विच लावा. गाडी चालताना जोडा, थांबल्यावर तोडा. त्यात बिघडण्यासारखं काही नाही.

घाटमाथा:
काका, थकून भागून मुक्कामाला पोचल्यावर स्विच फिरवायचं लक्षात राहत नाही. ज्या रात्री विसरलं त्याच रात्री दोन्ही बसतात.

दोरखंड:
विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारी मोटर) कुठल्या बॅटरीवर आहे? विंच लावणार असाल तर ती सेल्फच्याच बॅटरीवर, आणि इंजिन चालू ठेवून. जोर लागला की ४०० अँपिअरपर्यंत घेते.

धुळवाट:
विंच नाही. विंचचं विचारलंच नव्हतं.

गिअरगप्पा:
मूळ गोष्ट राहून गेली. फ्रिज बंद पडतो तेव्हा बॅटरीवर व्होल्टेज किती असतं? आणि फ्रिजची वायर कुठून आलीये?

धुळवाट:
वायर आधीपासून मागे जो सिगारेटचा सॉकेट आहे त्याला. व्होल्टेज मोजलेलं नाही. फ्रिज बंद पडतो म्हणजे बॅटरी बसलेलीच ना?

गिअरगप्पा:
नाही, तसं धरून चालू नका. मल्टिमीटर घ्या. कॉम्प्रेसर चालू असताना आधी थेट बॅटरीच्या टोकांवर मोजा, मग मागच्या सॉकेटवर. दोन्ही आकडे इथे टाका.

खडकवाट:
तोवर माझा मुद्दा. जुना अल्टरनेटर, साधा रेग्युलेटर, सीटखाली गारवा, म्हणजे लिथियमला बॉनेटखालच्या उष्णतेचाही त्रास नाही.

तारतम्य:
उष्णतेचं मान्य. पण लिथियमचा अंतर्गत रोध अगदी कमी असतो. रिकामी लिथियम थेट जोडली तर ६५ अँपिअरचा अल्टरनेटर देईल तेवढं सगळं ओढेल, आणि चढावर कमी वेगात इंजिन फिरत असताना त्याचा पंखाही हळू फिरतो. अल्टरनेटर तापून जातो. मग करंट आवरून दुसरी बॅटरी भरणारा २०-२५ अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लागतो, आणि शून्य अंशाखाली चार्जिंग तोडणारी बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट लागतं. यांनी चार्जर नको म्हणून पहिल्याच ओळीत सांगितलंय.

खडकवाट:
चार्जर एकदाच घ्यायचा असतो. लेड-ॲसिड दर काही वर्षांनी बदलत बसाल, तेव्हा कमी खर्च कुठला?

धुळवाट:
मोजलं. कॉम्प्रेसर चालू असताना बॅटरीवर १२.३, सॉकेटवर ११.६.

गिअरगप्पा:
हेच कारण. १२.३ म्हणजे बॅटरी अजून अर्ध्याच्या वर आहे, भाराखाली तर नक्कीच. ०.७ व्होल्ट वाटेतच जातायत. बऱ्याच फ्रिजना बॅटरी वाचवण्याच्या तीन पातळ्या असतात. सगळ्यात वरची साधारण ११.८ ला तोडते. तुमचा फ्रिज त्याच पातळीवर असणार. त्याला ११.६ दिसतात, तो बंद पडतो, आणि बिचाऱ्या बॅटरीवर आळ येतो.

समजा वायर १.५ स्क्वेअर एमएम आहे आणि अंतर ४ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ८ मीटर. तांब्याचा रोध धरून ५ अँपिअरला साधारण ०.४६ व्होल्ट वायरीतच जातात. उरलेले सॉकेटच्या सैल पत्र्यात आणि जुन्या फ्युजमध्ये. तेच ६ स्क्वेअर एमएम घातली की ०.१२ व्होल्ट. थेट बॅटरीपासून प्लस-मायनस दोन्ही ओढा, बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्युज, आणि सिगारेटच्या सॉकेटऐवजी घट्ट बसणारा प्लग. शनिवारच्या आत एवढंच करा.

धुळवाट:
म्हणजे दुसरी बॅटरी नकोच?

गिअरगप्पा:
हवी. वायर जाड केली की फ्रिज जास्त वेळ चालेल, म्हणजे सेल्फची बॅटरी आणखी खाली जाईल. फ्रिज सरासरी एक-दीड अँपिअर धरला तरी दिवसाला २५ ते ३५ अँपिअर-अवर. एक रात्र निघते, एका जागी दोन दिवस थांबलात तर नाही. या मुक्कामात दिवसा थोडं तरी चालवा.

तारतम्य:
व्हीएसआर आला की जोडणी अशी. दोन्ही बॅटऱ्यांच्या मध्ये १६ स्क्वेअर एमएम, अंतर हातभरच आहे. दोन्ही प्लसपाशी १००-१०० अँपिअरचा फ्युज, कारण वायर घासली तर करंट दोन्ही बाजूंनी येतो. नंतर फ्रिजची वायर दुसऱ्या बॅटरीवर हलवा.

जुनी बॅटरी लावण्याआधी पूर्ण चार्ज करून एक दिवस नुसती ठेवा. १२.६ च्या आसपास राहिली तर ठीक. १२.२ वर आली तर ती लावू नका, चांगल्या बॅटरीलाही खाली ओढेल. आणि पाण्याची असेल तर सीटखाली हायड्रोजन साचतो, बाहेर काढणारी नळी हवी. एजीएम, म्हणजे सीलबंद लेड-ॲसिड असेल तर हा प्रश्न बराच कमी.

निवांतकाका:
डिफेंडरच्या सीटखालचं झाकण पत्र्याचं असतं हे लक्षात ठेवा. खडकाळ रस्त्यावर बॅटरी उसळली आणि प्लसला झाकण टेकलं तर गाडीच पेटेल. दोन्ही बॅटऱ्या पट्टीने आवळून बांधा, प्लसवर रबरी टोपी घाला.

धुळवाट:
हे माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंत. ६ ची वायर आणि फ्युज आज आणतो. व्हीएसआर मागवलाय, शनिवारपर्यंत येणार नाही.

रानवारा:
माझ्या नव्या गाडीतही हाच व्हीएसआर बसेल का? मीटरवर बघितलं तर गाडी चालू असताना कधी १४.५, कधी १२.५ दिसतं.

तारतम्य:
नाही, तुमचा अल्टरनेटर संगणकाच्या ताब्यात आहे. १२.५ झाले की व्हीएसआर सोडून देईल आणि दुसरी बॅटरी कधीच पूर्ण भरणार नाही. तुम्हाला इग्निशनवर चालणारा डीसी-डीसी चार्जरच लागेल. आणि मायनसच्या टोकावर छोटी डबी असेल तर तो करंट मोजणारा सेन्सर आहे. दुसऱ्या बॅटरीचा मायनस त्या टोकाला नका लावू, चासीला लावा.