मदत हवी आहे: पायाला प्लास्टर, आंघोळ आणि उंबरठा
आईच्या उजव्या नडगीचं हाड मोडलंय. गुडघ्याखाली प्लास्टर, ६ आठवडे त्या पायावर अजिबात भार द्यायचा नाही. वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेत लावली, ते जमलं. खरी अडचण न्हाणीघराची. पाय स्टुलावर ठेवून पिशवी बांधतो, तरी मांडीवरचं पाणी ओघळून वरच्या काठातून आत जातंच, आणि आतला कापूस ओला राहिला की कातडी सोलवटते. पिशवीच्या वर, फार न आवळता, कोरडा पंचा गुंडाळून भागतं का?

दारात ४ इंचांचा उंबरठा आहे. १:१२ उताराला (१ इंच चढाला १२ इंच लांबी) ४ फुटांची फळी लागते, बाहेर बोळ अडीच फुटांचा. वॉकर आत टेकवून एका पायावर चढताना ओल्या फरशीवर त्याची रबरी बुचं सरकतात. भिंतीत दांडा बसवायचा तर किती उंचीवर? आईची उंची ५ फूट १ इंच.