मदत हवी आहे: शिकार सोलायला आणि जळण फोडायला एकच फिक्स्ड ब्लेड चाकू

नमस्कार मंडळी,

इतकी वर्षं घडीच्या चाकूवर भागवलं, आता तो बाजूला ठेवायचा आहे. परवाना असलेल्या मित्राबरोबर शिकारीला गेलो होतो. हरीण सोलायला बसलो आणि थोड्याच वेळात चाकूच्या बिजागरीत चरबी, केस, रक्त सगळं जाऊन बसलं. पातं उघडत होतं, पण लॉक पुरतं बसेना. जरा जोर लावला आणि पातं बोटावर मिटलं. जखम खोल नव्हती, पण दवाखाना तासन् तास लांब होता, त्यामुळे चांगलाच घाबरलो. घरी आल्यावर तो चाकू टूथब्रशने घासूनही आतली घाण पूर्ण निघाली नाही.

म्हणून आता फिक्स्ड ब्लेडच, म्हणजे न मिटणारं पातं. फुल टँग हवा, म्हणजे पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत सलग गेलेलं, हे पक्कं आहे. लांबी साधारण १० सेंमी. लाकडासाठी मोठं पातं बरं, हे कळतं. पण हरणाच्या छातीत मनगटापर्यंत हात घालून श्वासनलिका कापताना टोक दिसत नाही, पाठीवर ठेवलेल्या बोटानेच अंदाज घ्यावा लागतो. तिथे लांब पातं नको वाटतं. टोक ड्रॉप पॉइंट, कारण पाठ खाली उतरत आल्याने पोटाची कातडी चिरताना आतडं फुटायचा धोका कमी.

अडलंय ते पोलाद आणि जाडी यांवर. १०९५ कार्बन पोलादाला धार पटकन लागते म्हणतात, पण आमच्याकडच्या अशाच एका जुन्या सुरीला रक्त लागलेलं रात्रभर राहिलं, तर सकाळी तांबूस डाग पडलेले असायचे. डी२ या पोलादाची धार खूप टिकते, पण खिशातल्या दगडावर ती परत लावायची म्हणजे बराच वेळ बसावं लागेल. १४सी२८एन स्टेनलेस आहे, पातं लाकडावर ठेवून पाठीवर दांडक्याने मारलेले ठोके ते सोसेल का? आणि जाडी ३ मिमी घेऊ की ५? दोन्ही कामं नियमित करणाऱ्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

तुमची गरज पाहता १४सी२८एन, ३ ते ३.५ मिमी, फ्लॅट ग्राइंड (पाठीपासून धारेकडे सपाट निमुळतं होत जाणारं पातं) घ्या. ५ मिमीचं पातं मांसात आणि कातडीखाली पाचरीसारखं अडतं. पाठीच्या जाडीपेक्षा धारेच्या लगेच मागे पातं किती पातळ आहे ते बघा, कापणं त्यावर ठरतं. स्कँडी ग्राइंड (फक्त धारेजवळच्या भागात रुंद सपाट उतार असलेलं पातं) लाकूड तासायला उत्तम आणि त्याला धार लावणं नवख्यालाही जमतं, कारण दगडावर टेकवायचा सपाट उतार आयता मिळतो. पण तुमचं निम्मं काम सोलण्याचं आहे.

हे पोलाद मनगटाएवढ्या लाकडावर नीट टिकतं. मात्र ओंडक्याच्या पलीकडे पात्याचं टोक दोन-तीन सेंमी बाहेर यायला हवं, ठोका तिथे द्यायचा असतो. म्हणजे १० सेंमीच्या पात्याने ६-७ सेंमीपेक्षा जाड लाकूड नको. गाठ दिसली की दुसरं लाकूड घ्या, पातं पिळून काढायला जाऊ नका, धारेचा तुकडा उडतो. त्याहून जाड जळणाला कुऱ्हाड किंवा करवत.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. पाठ काटकोनात आणि कडक कडेची असेल तर फेरो रॉडवर (खरवडली की ठिणग्या देणारी धातूची कांडी) ठिणगी स्टेनलेसनेही पडते. गारगोटीवर पोलादाने ठिणगी पाडायची असेल तरच कार्बन पोलाद लागतं.

म्यानाबद्दल कुणी बोललं नाही. चामडी म्यान दिसायला सुंदर, पण ओलावा धरून ठेवतं, त्यात चाकू महिनोन्‌महिने ठेवू नका. कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं म्यान धुता येतं. तळाला पाणी निथळायचं भोक आहे ना ते बघा. आणि मूठ विकत घ्यायच्या आधी ओल्या हाताने, शक्य तर हातमोजा घालून धरा. बोटं धारेवर घसरू नयेत म्हणून पुढे छोटा तरी अडथळा हवाच. चरबी लागलेल्या हातात गुळगुळीत मूठ फार फसवते.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. ओंडक्याच्या मापाचं गणित मला माहीतच नव्हतं, मी दुप्पट जाड लाकडं फोडायची स्वप्नं बघत होतो. १४सी२८एन, ३ मिमी, कायडेक्स ठरलं, आणि सोबत घडीची करवत. आता फक्त मुठीचं राहिलं: रक्ताने माखलेल्या हातात खरबरीत मायकार्टा (राळेत घट्ट बसवलेले कापडाचे थर) बरा की रबर? वर्षभर वापरलेलं कुणाकडे असेल तर लिहा.